मेसच्या ताटावर इंट्युइटिव्ह ईटिंग: घराबाहेर राहणाऱ्या तरुणांसाठी पहिल्या पायऱ्या

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यामुंबईसारख्या शहरात राहायला आल्यावर जेवणाची घडी पहिल्यांदा मोडते. काय शिजेल, केव्हा जेवायचे आणि ताटात किती वाढायचे हे तोवर घरातले कोणीतरी पाहत असते. नंतर मात्र मेसच्या वेळा, अभ्यासिकेतली बैठक, महिनाअखेरीचे पैसे आणि मोबाइलवर दिसणारे डाएटचे व्हिडिओ हे सारे मिळून ते ठरवू लागतात. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी धावतपळत जेवण, रात्री अकरानंतर वडापाव किंवा मागवलेली बिर्याणी, आणि दुसऱ्या दिवशी ‘आजपासून डाएट’ असा निश्चय, हे चक्र हॉस्टेलवर राहिलेल्या बहुतेकांच्या ओळखीचे आहे. त्यातून बाहेर पडण्याचा एक विचारपूर्वक मांडलेला मार्ग म्हणजे इंट्युइटिव्ह ईटिंग, आणि तो नव्याने समजून घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन अमेरिकी आहारतज्ज्ञांनी 1995 साली ही पद्धत दहा तत्त्वांच्या रूपात मांडली. केव्हा खायचे, किती खायचे आणि कोठे थांबायचे हे ठरवताना बाहेरच्या नियमांपेक्षा शरीराने दिलेल्या भुकेच्या आणि तृप्तीच्या खुणांना अधिक मान द्यावा, हा तिचा गाभा. पुढे 2006 साली ट्रेसी टिल्का या मानसशास्त्रज्ञांनी ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली आणि त्यानंतर या विषयावर बरेच संशोधन झाले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात 2010 ते 2018 या काळात किशोरवयीन मुलांचा ते तरुण होईपर्यंत पाठपुरावा करण्यात आला. त्यात अशा प्रकारे खाणाऱ्यांमध्ये पुढे नैराश्य, शरीराविषयीची नाराजी आणि बेभान होऊन खाण्याचे प्रकार कमी आढळले. वजन कमी होण्याची हमी मात्र ही पद्धत देत नाही. ती अंगवळणी पडल्यावर कोणाचे वजन उतरते, कोणाचे थोडे वाढते, कोणाचे तसेच राहते. वजन उतरवण्याच्या एकमेव हेतूने कोणी इकडे वळणार असेल, तर त्याला हे आधीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मूळ दहा तत्त्वांत डाएटची मनोवृत्ती टाकून देणे पहिले आहे आणि पोषणाचा विचार सर्वांत शेवटी येतो. तो क्रम मी येथे बदलला आहे. ज्याला खाणे भरपूर उपलब्ध आहे, पण नियमांनी ज्याला जखडून टाकले आहे, त्याच्यासाठी मूळ क्रम योग्यच आहे. परंतु आपल्याकडच्या हॉस्टेलवरच्या मुलाची किंवा मुलीची अडचण पुष्कळदा वेळेवर आणि पुरेसे न मिळण्याची असते. उपाशी राहिलेल्या शरीराच्या खुणा विश्वासाच्या नसतात, म्हणून आधी त्या खुणा विश्वासाच्या होऊ द्याव्या लागतात.

सुरू करण्यापूर्वी

टाइप 1 मधुमेह, किडनीचा विकार, सीलिअॅक आजार किंवा अन्नाची अॅलर्जी असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि इन्शुलिन किंवा साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा किंवा प्रमाण बदलू नये. ज्यांना खाण्याचा विकार आहे किंवा पूर्वी होता, त्यांच्या भुकेच्या खुणा बराच काळ दबलेल्या असू शकतात. त्यांनी हे काम एकट्याने अंगावर घेऊ नये. बाकीच्यांनी निश्चिंतपणे पुढे जावे.

पहिली पायरी: तीन वेळा, वेळेवर, पोटभर

पहिले दोनतीन आठवडे भुकेची परीक्षा करत बसू नका. सकाळी, दुपारी आणि रात्री साधारण ठरलेल्या वेळी जेवा, आणि मधल्या वेळेत काहीतरी खा, एवढेच करा. भूक वाढवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळांच्या सुमारास वाढते. वेळाच ठरलेल्या नसतील तर भूकही अवेळी आणि एकदम अंगावर येते. रात्री दोनपर्यंत जागून दहाला उठणाऱ्याने न्याहारी आठलाच करावी असा आग्रह नाही, पण उठल्यापासून तासा-दीड तासात काहीतरी पोटात जावे. रात्री आणून ठेवलेली दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे, दही-पोहे किंवा उकडलेली अंडी आणि आदल्या रात्रीची पोळी, यांतले काहीही चालेल. नुसता चहा ही न्याहारी नव्हे. चहा भूक काही काळ मारतो आणि दुपारी तीच भूक दुपटीने परत येते.

ही पायरी सर्वांत महत्त्वाची का आहे हे कळण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी केलेला प्रयोग माहीत असावा. शरीराने आणि मनाने निरोगी असलेल्या 36 तरुणांनी स्वेच्छेने त्यात भाग घेतला आणि 1945 मध्ये सुमारे सहा महिने त्यांना गरजेच्या निम्म्याच्या आसपास अन्न देण्यात आले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, हे अपेक्षितच होते. पण त्यांच्या मनाचे जे झाले ते अधिक शिकवणारे आहे. अन्नाखेरीज त्यांना दुसरे काही सुचेनासे झाले, काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, चिडचिड आणि उदासी वाढली, आणि अन्न पुन्हा मुबलक मिळू लागल्यावरही कित्येकांना भरपूर खाऊन समाधान वाटेना. या तरुणांत मनोनिग्रहाची उणीव होती असे कोणीही म्हणणार नाही. अपुरे अन्न मिळाले की शरीर त्याची भरपाई मागतेच, आणि मागताना ते माप पाहत नाही.

हाच न्याय मेसमध्ये दर रविवारी दिसतो. पुष्कळ मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री सुट्टी. रात्री जेवण नाही हे माहीत असल्याने दुपारी श्रीखंड-पुरी किंवा पुलाव गळ्यापर्यंत खाल्ला जातो, संध्याकाळ सुस्तीत जाते, आणि रात्री दहाला पुन्हा भूक लागल्यावर हाताशी असते ते वेफर्सचे पाकीट किंवा इन्स्टंट नूडल्स. दुपारच्या अतिखाण्याबद्दल मुले स्वतःला हावरट म्हणतात, पण मूळ कारण रात्रीच्या रिकाम्या ताटात आहे. रविवारच्या रात्रीची सोय शनिवारीच करून ठेवा: खोलीवर इलेक्ट्रिक किटली असेल तर दलिया किंवा ओट्स, नसेल तर दही, ब्रेड, काकडी-टोमॅटो, भाजलेले चणे आणि फळे. रात्रीचे जेवण पक्के आहे हे माहीत असले की दुपारी तिसऱ्या वाटीशी थांबणे जड जात नाही.

दुसरी पायरी: भूक ओळखणे

वेळा स्थिरावल्या की भुकेकडे लक्ष द्यायला सुरुवात करावी. शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा: शून्य म्हणजे चक्कर येण्याइतके उपाशी, पाच म्हणजे भूकही नाही आणि भरल्यासारखेही नाही, दहा म्हणजे श्वास घ्यायला जड जाईल इतके भरलेले. साधारण तीनवर जेवायला बसावे आणि सातच्या सुमारास उठावे. हा आकडा कोणाला दाखवायचा नाही, वहीत लिहिलाच पाहिजे असेही नाही. ताटावर बसण्यापूर्वी क्षणभर स्वतःला विचारला की पुरे. अॅपमध्ये कॅलरी मोजणाऱ्यांनी या काळात ती मोजणी थांबवावी, कारण दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या की आकडा नेहमी भुकेवर मात करतो.

भूक प्रत्येकाला पोटातच कळते असे नाही. कोणाचे डोके दुखते, कोणाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, कोणाला विनाकारण राग येतो, कोणाला हात थरथरल्यासारखे वाटतात. अभ्यासिकेत सलग पाच तास बसणाऱ्या स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना संध्याकाळी सहाच्या सुमारास जो कंटाळा वाटतो, तो पुष्कळदा कंटाळा नसून भूक असते. तिला चहाने उत्तर न देता चणे-गूळ किंवा मोड आलेल्या मटकीच्या उसळीने देऊन पाहावे. उलटही घडते. झोप अपुरी झाली की भूक वाढल्यासारखी वाटते, आणि तहान हीसुद्धा काही वेळा भुकेसारखी भासते. परीक्षेच्या काळात भूकच लागत नसेल तर ती लागेपर्यंत वाट पाहू नका. ताणाखाली खुणा दबतात, म्हणून त्या दिवसांत पहिल्या पायरीवर परत या आणि घड्याळ पाहून जेवा.

तिसरी पायरी: पोषणाची बाजू भरून काढणे

भूक भागणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेसच्या ताटात पहिली सहज होते, दुसरी होत नाही. पोळ्या आणि भात भरपूर, वरण पातळ, भाजी बहुधा बटाट्याची, फळ नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहाराचा नमुना दिला आहे: धान्ये 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, तेलबिया आणि सुकामेवा 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम. धान्ये आणि डाळी यांची ही वजने कच्च्या मालाची आहेत. एकूण उष्मांकांपैकी 45 टक्क्यांहून अधिक धान्यांतून येऊ नयेत असेही तेथे सांगितले आहे. आपल्या मेसचे ताट शेजारी ठेवून पाहिले की उणीव कोठे आहे ते लगेच दिसते. हे आकडे वजनकाट्यावर रोज जुळवण्यासाठी नाहीत. काय कमी पडते आहे हे एकदा समजून घेण्यासाठी आहेत.

आधी प्रथिने पाहू. निरोगी प्रौढाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलो वजनाच्या व्यक्तीला साधारण 50 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात, 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 7 ग्रॅम, आणि 30 ग्रॅम कोरड्या डाळीत जवळपास तितकीच. मेसच्या वाटीभर पातळ वरणात तेवढी डाळ नसते, म्हणून दिवसातून एकदा उसळ, दही, अंडी, पनीर, सोयाबीनच्या वड्या किंवा मासे-चिकन यांपैकी आपल्याला रुचेल आणि परवडेल ते जोडावे. जिममध्ये नव्याने जाऊ लागलेल्या मुलांना प्रोटीन पावडरचा डबा घेण्याचा मोह होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या याच मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळण्याचा सल्ला आहे, आणि डब्याच्या किमतीत महिनाभराची अंडी आणि दही सहज येते.

लोहाचा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि मूळ पद्धतीतला क्रम बदलण्यामागचे माझे मुख्य कारण हेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षय असलेल्या मुलीला थकवा येतो आणि काहींची भूकही मंदावते. तिला नुसते ‘शरीराचे ऐका’ असे सांगणे अपुरे आहे. पालेभाज्या, कडधान्ये, तीळ, अळीव, आणि खाणाऱ्यांसाठी मांसाहार हे रोजच्या जेवणात आणावे, जेवताना लिंबू पिळावे किंवा पेरू-आवळा खावा, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह चांगले शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा पिऊ नये, आधी आणि नंतर तासाभराचे अंतर ठेवावे. चहातील टॅनिन लोहाचे शोषण कमी करते. वर्षातून एकदा हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी, शाकाहारी असाल तर बी12 जीवनसत्त्वाचीही. अहवालात कमतरता दिसली तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी. ती घेतल्याने भुकेचे ऐकणे कोठेही उणे पडत नाही.

चौथी पायरी: नियमांचे ओझे उतरवणे

आता मूळ पद्धतीतील पहिल्या तत्त्वाकडे येऊ. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत आहाराविषयी जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच झाली असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या अंतराने खा आणि घरचे पारंपरिक अन्न सोडू नका म्हणतात, आणि एकाच घरात वडील एका बाजूला आणि मुलगी दुसऱ्या बाजूला अशी विभागणी झालेली मी पाहिली आहे. त्यांपैकी कोण बरोबर हे ठरवणे हा या लेखाचा विषय नाही. वाढत्या वयातील, दिवसभर पायपीट करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने मधुमेह टाळू पाहणाऱ्या पन्नाशीतल्या वडिलांचा नियम तसाच उचलू नये, एवढे मात्र नक्की सांगावेसे वाटते.

या पायरीवर करायचे काम बोलण्यापासून सुरू होते. ‘आज चीट डे’, ‘गोड खाऊन पाप केले’, ‘उद्या व्यायाम करून फेडीन’ ही वाक्ये आठवडाभर आपल्या तोंडी किती वेळा येतात ते पाहा आणि त्यांच्या जागी साधे वर्णन ठेवा: ‘आज दोन गुलाबजाम खाल्ले, चांगले होते.’ नंतर ज्या पदार्थाची स्वतःला सर्वांत अधिक बंदी केली आहे असा एकच पदार्थ निवडा. भूक तीव्र नसताना, शांतपणे बसून, ताटलीत घेऊन तो खा, आणि काही दिवसांनी पुन्हा खा. पहिल्या एकदोन वेळा तो प्रमाणाबाहेर खाल्ला जाईल, त्याने घाबरून जाऊ नका. तो पुन्हा मिळणार आहे हे मनाला पटले की त्याची ओढ बहुतेकांच्या बाबतीत हळूहळू ओसरते. पाकीट पूर्ण रिकामे होऊनही ओढ वाढतच असेल तर पहिली पायरी कच्ची राहिली आहे असे समजून तिकडे परत जावे.

उपवासाबाबत प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. श्रद्धेने केलेली एकादशी किंवा श्रावणी सोमवार या पद्धतीच्या आड येत नाही, दिवसभरात राजगिरा, भगर, दाण्याची आमटी, दूध आणि फळे असे पोटभर खाल्ले तर मुळीच नाही. परंतु आठवड्यातील उपवास एकाचे तीन झाले असतील आणि दर उपवासानंतर वजनकाट्याकडे पाय वळत असतील, तर तो उपवासाच्या नावाने चाललेला डाएट आहे, हे स्वतःशी मान्य करावे.

पाचवी पायरी: कोठे थांबायचे

पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात. मेसमध्ये मागे रांग उभी असताना जेवण दहा मिनिटांत उरकले जाते, म्हणून शक्य असेल तर गर्दीच्या वेळेआधी किंवा नंतर जावे, मोबाइल खिशात ठेवावा, आणि अर्धे जेवण झाल्यावर एकदा थांबून भुकेचा आकडा मनात पाहावा. सगळ्या जेवणांना हे जमणार नाही. दिवसातले एक जेवण असे झाले तरी सराव होतो.

अमर्याद थाळीत पैसे वसूल करण्याची भावना स्वाभाविक आहे, आणि पानात काही टाकू नये ही आपल्या घरांतली शिकवणही मोलाची आहे. ती मोडण्याऐवजी वाढून घेतानाच हात आखडता ठेवावा: ‘मावशी, आधी एकच पोळी वाढा, लागली तर मागते.’ डबा लावला असेल आणि त्यातले रोज उरत असेल तर डबेवाल्या काकूंना पोळ्या कमी करून भाजी वाढवायला सांगावे. बहुतेक काकू आनंदाने करतात, कारण अन्न फुकट गेलेले त्यांनाही आवडत नाही.

घरी गेल्यावर वेगळीच परीक्षा असते. ‘किती वाळलास’ आणि ‘अगं, किती जाड झालीस’ ही दोन्ही वाक्ये एकाच दिवाळीत ऐकू येतात, आणि आग्रहाने वाढणे हे प्रेम व्यक्त करण्याचे साधन असल्याने नकार देताना मन दुखावण्याची भीती वाटते. ‘आजी, पुरणपोळी फार छान झाली आहे, उद्या सकाळी गरम करून दे,’ असे म्हटले की पदार्थाचा आणि करणारीचा मान राहतो, आणि पोटाचेही ऐकले जाते. शरीराविषयीच्या शेऱ्याला उत्तर देत बसू नये. विषय अभ्यासाकडे किंवा नोकरीकडे वळवावा, आणि तोच शेरा पुन्हा पुन्हा येत असेल तर त्या व्यक्तीला बाजूला घेऊन, हे बोलणे आपल्याला त्रास देते असे शांतपणे सांगावे.

उदास वाटले, एकटे वाटले, घरची आठवण आली म्हणून खाणे यात काही लाज वाटण्यासारखे नाही. आईच्या हातच्या चिवड्याने परक्या शहरात थोडा धीर येतो, तो येऊ द्यावा. तोच एकमेव आधार उरला आहे का, एवढे मात्र पाहावे. घरी फोन करणे, मित्राबरोबर टेकडीवर फिरून येणे, वेळेवर झोपणे हे आधारही हाताशी असू द्यावेत.

मदत केव्हा घ्यावी

जेवल्यावर मुद्दाम उलटी करणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे, चोरून आणि ताबा सुटल्यासारखे वारंवार खाणे, दिवसेंदिवस जेवण टाळणे, झपाट्याने वजन उतरणे, चक्कर येणे, सलग तीन महिने पाळी न येणे, किंवा दिवसाचा मोठा भाग अन्नाच्या आणि शरीराच्या विचारांत जाणे, यांपैकी काहीही होत असेल तर वरच्या पायऱ्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. खाण्याचे विकार मुलग्यांनाही होतात, आणि ते केवळ सडपातळ व्यक्तींनाच होतात असेही नाही. कोणाशी बोलावे हे सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मला अशक्तपणा आहे’ एवढेच सांगून थांबू नका; किती दिवसांपासून, आठवड्यातून किती वेळा आणि नेमके काय घडते आहे ते कागदावर लिहून न्या, आणि समोरासमोर बोलायला संकोच वाटत असेल तर तो कागदच त्यांच्या हाती द्या.